नव्याचे नऊ दिवस आणि त्यानंतरची मोजणी

शाळेत नवे यंत्र आले की त्याच्या बातमीत एक वाक्य हमखास असते: ‘विद्यार्थ्यांची शिकण्याची प्रेरणा वाढली.’ यंत्र रेडिओ असो, दूरचित्रवाणी संच असो, संगणक असो की टॅब, वाक्य मात्र तेच राहते. विज्ञानाच्या वाचकाने या वाक्यापाशी थोडे थांबावे. वाढली म्हणजे किती वाढली? कशाच्या तुलनेत? आणि मोजली कशाने? उंचीला पट्टी आहे, तापाला पारा आहे. शिकण्याची ओढ ही मुलाच्या आत घडणारी गोष्ट. ती बाहेरून दिसते ती केवळ खुणांनी. त्या खुणांपैकी कोणती प्रमाण मानायची, या प्रश्नाला आता शंभर वर्षे होत आली, आणि त्याच्या इतिहासातील काही मोलाची पाने परदेशात नव्हे, तर छत्तीसगड, शिवपुरी, कर्जत, बडोदे आणि पवई येथे लिहिली गेली आहेत.

सिहोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी हा इतिहास वाचण्याला एक व्यावहारिक कारणही आहे. शाळेच्या वाट्याला येणारा पैसा मोजका असतो. तो पडद्यावर घालायचा, प्रयोगशाळेत घालायचा की आणखी एका शिक्षकावर, याचा निर्णय पुष्कळदा अशाच एखाद्या वाक्याच्या आधारे होतो. शिवाय ज्या पट्टीने यंत्राची भलावण होते त्याच पट्टीने एखाद्या मुलावर ‘निरुत्साही’ असा शिक्काही बसतो, आणि तो शिक्का पुसणे यंत्र बदलण्याइतके सोपे नसते.

आरंभ अमेरिकेतून करावा लागतो. १९१३ मध्ये टॉमस एडिसनने भाकीत केले होते की शाळांतून पुस्तके लवकरच हद्दपार होतील आणि त्यांची जागा चलचित्रपट घेईल. पुस्तके टिकली, हे आपण जाणतोच. पुढे १९२० च्या दशकात ओहायो राज्य विद्यापीठातील सिडनी प्रेसी या मानसशास्त्रज्ञाने एक छोटे यंत्र बनवले. खिडकीत प्रश्न दिसे, विद्यार्थ्याने चारपैकी एक कळ दाबायची, उत्तर बरोबर असेल तरच पुढचा प्रश्न येई. त्या यंत्राला प्रेसीने एक जोडही बसवली होती: ठरावीक संख्येने उत्तरे बरोबर आली की यंत्रातून गोड गोळी बाहेर पडे. शिक्षणाच्या यंत्राला प्रेरणेची व्यवस्था जोडण्याचा हा बहुधा सर्वांत जुना प्रयत्न. गोळीची गंमत सोडली तरी तिने उभा केलेला प्रश्न गंभीर आहे. मूल कळ दाबते ते गणितासाठी की गोळीसाठी?

हा प्रश्न प्रयोगाच्या चिमटीत पकडला तो एडवर्ड डेसी याने, १९७१ मध्ये. त्याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लाकडी तुकड्यांचे सोमा नावाचे कोडे सोडवायला दिले. एका गटाला सुटलेल्या प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर मिळे, दुसऱ्याला काहीच नाही. डेसीने मोजले ते मात्र कोडी किती सुटली हे नव्हे. मध्येच काही निमित्ताने तो आठ मिनिटांसाठी खोलीबाहेर जाई. खोलीत मासिके पडलेली असत, विद्यार्थी हवे ते करायला मोकळा असे. त्या आठ मिनिटांत तो कोड्याशी किती वेळ खेळतो, एवढेच आडून टिपले जाई. पैसे घेतलेल्यांचे मोकळ्या वेळातील खेळणे पुढे घटलेले दिसले. दोन वर्षांनी मार्क लेपर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतील चित्रे काढणाऱ्या मुलांवर तसाच प्रयोग केला. बक्षिसाचे आश्वासन देऊन ज्यांच्याकडून चित्रे काढून घेतली होती, ती मुले नंतर रंगांकडे कमी वळली.

कोणी पाहत नसताना, कोणी सांगत नसताना मूल काय करते, ही माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत प्रामाणिक मोजपट्टी आहे. ती वापरायला मात्र वेळ लागतो आणि खटपट करावी लागते. म्हणून बहुतेक संशोधकांनी दुसरा मार्ग धरला: विद्यार्थ्यालाच विचारा.

मराठी आणि कन्नड मुलांपुरती मानसिक मापनाची वाट त्याआधीच पडली होती. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने याच्या बुद्धिमापन कसोटीची या दोन भाषांसाठी पुनर्रचना करून तिचा वृत्तान्त १९३४ मध्ये प्रसिद्ध केला. १९४० मध्ये त्यांचे यावरील पुस्तक निघाले. बिने-कामत कसोटी हे नाव आपल्याकडील मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आजही परिचित आहे. बुद्धी मोजता येते तर प्रेरणा का नाही, असा विचार पुढच्या पिढीने केला. डेव्हिड मॅक्लेलंडने माणसाला संदिग्ध चित्रे दाखवून त्यांवर गोष्ट रचायला सांगण्याची पद्धत वापरली. गोष्टीतील पात्रे काही मिळवण्यासाठी किती धडपडतात यावरून सांगणाऱ्याची ‘संपादन प्रेरणा’ काढायची. १९६४ मध्ये त्याच विचाराने आंध्रातील काकिनाड्याच्या छोट्या उद्योजकांसाठी प्रशिक्षण झाले. शाळकरी मुलांच्या संपादन प्रेरणेवर प्रयाग मेहता यांचा अभ्यास राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने १९६९ मध्ये प्रसिद्ध केला.

गोष्टी तपासणे कष्टाचे. एका वर्गाच्या गोष्टी वाचून गुण द्यायला जाणकाराचे दिवसच्या दिवस जातात, आणि दोन जाणकारांचे एकमत होईलच असेही नाही. प्रश्नावलीचे तसे नाही. प्रतिभा देव आणि आशा मोहन यांची संपादन प्रेरणा श्रेणी घ्या. शिक्षणशास्त्राच्या असंख्य भारतीय प्रबंधांत तिचा वापर झालेला आहे. तीत पन्नास विधाने, प्रत्येकापुढे ‘नेहमी’पासून ‘कधीच नाही’पर्यंत पाच पर्याय, प्रत्येक पर्यायाला चार ते शून्य गुण. काही विधाने मुद्दाम उलटी घातलेली, म्हणजे डोळे मिटून एकाच रकान्यात खुणा करणारा पकडला जावा. बेरीज केली की दोनशेपैकी एक आकडा मिळतो. तंत्रज्ञानासंबंधीच्या संशोधनात पुढे परदेशी साधने रुळली. जॉन केलरची छत्तीस विधानांची श्रेणी पाठ्यसाहित्यातून मिळणारे लक्ष, सुसंगती, आत्मविश्वास आणि समाधान हे चार घटक तपासते, तर मिशिगन विद्यापीठात १९९१ च्या सुमारास सिद्ध झालेल्या प्रश्नावलीत एक्याऐंशी विधाने असून त्यांपैकी एकतीस प्रेरणेविषयी आहेत.

या साधनांना कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र प्रबंधात ‘श्रेणीची विश्वसनीयता उत्तम आहे’ असे वाचले की त्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. विश्वसनीयतेचा तो सहगुणक, ज्याचे आज प्रचलित असलेले सूत्र क्रॉनबॅकने १९५१ मध्ये मांडले, एवढेच सांगतो की श्रेणीतील विधाने परस्परांशी जुळती उत्तरे काढतात. तराजूला पासंग असेल तर तो दर वेळी तेवढाच चुकतो. त्याच्या चुकण्यात सातत्य असते, म्हणून वजन खरे ठरत नाही.

भाषांतर हा याहून सूक्ष्म पासंग. ‘प्रेरणा’ हा शब्द मराठी मुलाने कोठे ऐकलेला असतो? थोर पुरुषांच्या जयंतीला. प्रेरणा ही शिवरायांकडून किंवा सावित्रीबाईंकडून घ्यायची वस्तू. ‘या ॲपमुळे तुला प्रेरणा मिळते का?’ असे विचारले तर मूल सभेतल्यासारखे सावरून बसते आणि ‘नेहमी’ या रकान्यात खूण करते. शिकण्याविषयी आपण बोलतो तेव्हाचे शब्द निराळे आहेत. गोडी लागते, नादही लागतो. ही दोन्ही मुलाला न विचारता येतात, आणि आईबापांना पहिली हवी असते, दुसऱ्याची धास्ती वाटते. जिद्द धरावी लागते. ध्यास घेतला जातो. हौस असते आणि फिटतेही. इंग्रजी श्रेणीतील एका शब्दाखाली आपण या साऱ्यांना कोंबतो. टॅबची हौस आणि गणिताची गोडी यांत फरक करण्याची सोय भाषेत आयती असताना आपली प्रश्नावली ती वापरत नाही. सिहोऱ्यातील मुलांच्या हिंदीतही ‘मन लगना’ आणि ‘लत लगना’ यांत केवढे तरी अंतर आहे.

आता प्रश्नावलीच्या बाहेर पडून आपल्याकडील सर्वांत मोठ्या प्रयोगाकडे वळू.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात भारताने उपग्रहाद्वारे थेट खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवली. अमेरिकेच्या नासाने एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी उपलब्ध करून दिला होता. या प्रयोगाचे, ज्याला ‘साइट’ म्हणतात, स्वप्न विक्रम साराभाईंचे. ते १९७१ च्या डिसेंबरात गेले. प्रयोग तडीस नेणाऱ्यांत अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राचे संचालक यश पाल होते आणि कार्यक्रम व्यवस्थापक होते एकनाथ वसंत चिटणीस, कोल्हापुरात १९२५ मध्ये जन्मलेले, २०२५ च्या ऑक्टोबरात पुण्यात शंभरी पूर्ण करून निवर्तलेले. बिहार, ओडिशा, राजस्थान, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेडी निवडली होती. जबलपूर जिल्हा त्यात नव्हता. मध्य प्रदेशातील खेडी रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग या पट्ट्यातील, म्हणजे आजच्या छत्तीसगडातील होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री आणि तिच्याखाली एक संच, बहुतेक वेळा शाळेतच. सकाळी पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड या चार भाषांत प्रत्येकी सुमारे साडेबावीस मिनिटांचा कार्यक्रम, संध्याकाळी गावासाठी. मुलांसाठीच्या विज्ञान कार्यक्रमांचे काम मुंबईत चाले.

या प्रयोगाचे खरे वैशिष्ट्य मला तंत्रज्ञानापेक्षा त्याच्या मूल्यमापनात दिसते. मोजणीची तयारी प्रक्षेपणाच्या आधीच झाली होती. प्रक्षेपणापूर्वी, दरम्यान आणि नंतर पाहण्या झाल्या. संच असलेल्या गावांची तुलना संच नसलेल्या गावांशी केली गेली. बिनोद अग्रवाल यांच्या मार्गदर्शनाखाली मानववंशशास्त्राचे अभ्यासक सात खेड्यांत दीर्घकाळ मुक्काम करून राहिले आणि प्रश्नावलीत न मावणारे गावाचे जगणे टिपत गेले. अभियंते आणि समाजशास्त्रज्ञ एकाच संस्थेत, एकाच प्रकल्पाच्या दोन चाकांसारखे काम करत होते, असे पुढे आपल्याकडे क्वचितच घडले.

अपेक्षा अशी होती की दूरचित्रवाणीच्या आकर्षणाने मुले शाळेत येतील, टिकतील, गळती कमी होईल. हजेरी ही प्रेरणेची खूण मानलेली होती. निष्कर्ष तसा निघाला नाही. पटनोंदणी आणि गळती यांवर ठसा उमटला नाही. शालेय विषयांतील प्राप्तीतही ठळक फरक दिसला नाही. यात नवल ते कोणते? बिलासपूरच्या खेड्यातील मूल शाळा सोडते ते शाळा कंटाळवाणी आहे म्हणूनच असे नाही; धान कापणीला आलेले असते, धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते. साडेबावीस मिनिटांच्या चित्रांनी घरातील श्रमाचे गणित बदलत नाही. हजेरीच्या पुस्तकात मुलाची इच्छा आणि घराची परिस्थिती एकाच रकान्यात लिहिली जातात, आणि नंतर त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

दुसरा निष्कर्ष मात्र फारसा गाजला नाही. कार्यक्रम पाहणाऱ्या मुलांच्या भाषेत वाढ दिसली, आणि निरनिराळ्या ठिकाणांहून माहिती मिळवण्याची त्यांची वृत्ती वाढलेली आढळली. मूल अधिक विचारू लागले, शोधू लागले. डेसीच्या आठ मिनिटांची ही खेड्यातली आवृत्तीच म्हणावी: पडदा बंद झाल्यावर मूल काय करते? त्या निष्कर्षाचा पाठपुरावा व्हायला हवा होता. पण उपग्रह ठरल्याप्रमाणे परत गेला, आणि वर्षभराच्या प्रयोगाला वर्षभरापलीकडचे विचारता येत नाही. संध्याकाळच्या प्रेक्षकांचे आकडेही बोलके आहेत. आरंभी संचापुढे शेकड्यांनी गर्दी होई. ती ओसरत जाऊन सरासरी शंभराच्या आसपास स्थिरावली. गर्दी कौतुकासाठी आलेली होती, राहिलेले शंभर कार्यक्रमासाठी.

याच काळात, मध्य प्रदेशातच, विजेवर न चालणारे एक तंत्र मुलांची जिज्ञासा नकळत मोजत होते, म्हणून थोडे विषयांतर करतो. जबलपूरहून इटारसीकडे निघाले की पिपरिया, सोहागपूर लागते. हा तेव्हाचा होशंगाबाद जिल्हा. तेथे १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने प्रयोगांवर आधारित विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्हाभर पसरला, पुढे एकलव्य संस्थेने सांभाळला, आणि २००२ मध्ये शासनाने बंद केला. त्यात सवालीराम नावाचे एक काल्पनिक पात्र होते. मुलांनी मनात येईल तो प्रश्न त्याला पत्राने विचारायचा, उत्तर घरी येई. गुण नाहीत, बक्षीस नाही, पत्र लिहिण्याची सक्ती नाही. शाळेबाहेरच्या वेळात, स्वतः पत्र मिळवून, ते पेटीत टाकण्याचे कष्ट घेऊन मूल जो प्रश्न विचारते त्याहून शुद्ध असे प्रेरणेचे माप मला तरी ठाऊक नाही. निकालपत्रकात त्यासाठी रकाना नसतो.

१९८३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड क्लार्कने एक लेख लिहिला आणि शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या संशोधकांची झोप उडवली. त्याचे म्हणणे असे की माध्यम हे माल वाहणाऱ्या गाडीसारखे आहे. किराणा गाडीतून आला म्हणून आहाराचा कस बदलत नाही. यंत्रामुळे जो फायदा दिसतो त्यातला बराचसा बदललेल्या अध्यापनाचा असतो, आणि उरलेल्यात मोठा वाटा नवेपणाचा. पुराव्यादाखल त्याने कुलिक आणि सहकाऱ्यांचे विश्लेषण दिले. संगणकाच्या साहाय्याने शिकवण्याचे जे प्रयोग चार आठवडे किंवा त्याहून कमी चालले, त्यांत सरासरी परिणाम प्रमाण विचलनाच्या ०.५६ इतका होता. पाच ते आठ आठवडे चाललेल्यांत ०.३०, त्याहून दीर्घ प्रयोगांत ०.२०. आपल्याकडे ही गोष्ट तीन शब्दांत सांगतात: नव्याचे नऊ दिवस. क्लार्कवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि काही योग्यही होती. एखादे माध्यम असे काही दाखवू शकते जे खडू-फळ्याला साधणारच नाही, हे खरे आहे. पण त्या तीन आकड्यांमुळे एक प्रश्न कायमचा चिकटला: तुमची प्रश्नावली यंत्र आल्यानंतर कितव्या आठवड्यात भरून घेतलीत?

हा प्रश्न मनात ठेवून १९९९ कडे पाहू. त्या वर्षी २६ जानेवारीला सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजी येथे आपल्या कार्यालयाच्या भिंतीत एक संगणक बसवला, तोंड वस्तीकडे. शिक्षक नाही, सूचना नाहीत. त्यानंतर असे संगणक मध्य प्रदेशातील शिवपुरीत आणि पुढे आपल्या सिंधुदुर्गातही बसले. मुले आपण होऊन आली आणि एकमेकांना शिकवू लागली. मोजणीच्या दृष्टीने पाहिले तर भिंतीतला संगणक म्हणजे डेसीची मोकळी खोलीच, रस्त्यावर आणलेली. तिचे सामर्थ्य त्यातच होते.

उणीवही त्यातच होती. मोकळेपणाने आलेली मुले कोण? दिल्लीतील एका ठिकाणाला भेट दिल्यानंतर मार्क वॉर्शॉअरने २००२ मध्ये लिहिले की तेथे मुलगेच प्रामुख्याने होते, वेळ बहुतांशी खेळांत आणि चित्रे रंगवण्यात जात होता, आणि इंटरनेट क्वचितच चालत होते. पायल अरोरा यांनी २०१० मध्ये उत्तराखंडमधील अल्मोडा आणि हवालबाग येथील असे संगणक ओस पडल्याचे नोंदवले. जी मुलगी गर्दीत मागे उभी राहिली आणि घरी परतली, तिची ओढ कमी होती असे हे माप म्हणणार काय? ‘मोकळी निवड’ हे शब्द उच्चारण्यापूर्वी ती कोणाकोणाला मोकळी होती, हे विचारावे लागते.

२००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या गावी ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक चळवळीचा भारतातील पहिला प्रयोग झाला. एकशिक्षकी शाळा, बावीस मुले, हिरव्या-पांढऱ्या रंगाची छोटी यंत्रे. त्याविषयी जे लिहिले गेले त्यात मुलांच्या उत्साहाची वर्णने भरपूर होती. ती खोटी होती असे कोणी म्हणू नये. बावीस मुलांच्या हाती एकाच दिवशी असे यंत्र आल्यावर उत्साह नसता तरच आश्चर्य. पण वर्णन म्हणजे मोजणी नव्हे, आणि तुलनेसाठी शेजारची शाळा नव्हती. ती तुलना झाली पेरू देशात. तेथील ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात, जो २०१२ मध्ये बाहेर आला, लॅपटॉपमुळे गणित व भाषा यांत फरक आढळला नाही आणि हजेरीतही नाही. संगणक वापरण्याचे प्रमाण मात्र खूप वाढले होते. वापर आणि ओढ यांना एकच समजणाऱ्यांनी हा निष्कर्ष भिंतीवर लावावा.

याच्या उलट बाजूचा पुरावा बडोद्यातून येतो. गुजरात शासनाने तेथील महापालिका शाळांना संगणक दिले होते. प्रथम या संस्थेने त्यांवर चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ सुरू केले. आठवड्याला दोन तास, एका संगणकापुढे दोन मुले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने शाळा निवडून परिणाम मोजला. पहिल्या वर्षी गणिताच्या गुणांत ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनाइतकी वाढ झाली. येथे वर्षभर चाललेला प्रयोग दुसऱ्या वर्षी ओसरला नाही, उलट वाढला. म्हणजे निव्वळ नवेपणाने याचा उलगडा होत नाही. खेळाची काठिण्यपातळी मुलाच्या कुवतीनुसार बदलत होती, हे कारण अधिक पटते. मात्र कार्यक्रम संपून वर्ष लोटल्यावर तपासले तेव्हा ती वाढ सुमारे ०.१० वर आली होती. शिक्षणातील गोडी टिकते की नाही हे पाहायचे असेल तर यंत्र काढून घेतल्यानंतरच्या वर्षी मोजावे, हा धडा या तिसऱ्या आकड्यात आहे. पहिले दोन सर्वत्र उद्धृत होतात.

दिल्लीत कार्तिक मुरलीधरन आणि सहकाऱ्यांनी शाळेनंतरच्या माइंडस्पार्क केंद्रांचा अभ्यास केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मोफत प्रवेशाची सोडत लागलेल्या मुलांनी साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ इतकी आघाडी घेतली. याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे: या मुलांची केंद्रातील सरासरी हजेरी ५८ टक्के होती. फी नव्हती, शिकणे होत होते, तरी शंभरातले बेचाळीस दिवस जागा रिकामी. प्रश्नावलीत याच मुलांनी काय लिहिले असते, याची कल्पना करून पाहावी.

हेच माइंडस्पार्क पवईच्या आयआयटीतील एका संशोधनाचाही विषय झाले. रामकुमार राजेंद्रन, श्रीधर अय्यर, सहाना मूर्ती आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रश्न उलटा केला. मुलाची प्रेरणा केव्हा वाढते हे न विचारता ती केव्हा मोडते हे पाहायचे, आणि तेही मुलाला काहीही न विचारता, संगणकात आपोआप साठणाऱ्या नोंदींवरून. त्यामागचा सिद्धान्त साधा आहे: उद्दिष्टाच्या वाटेत अडथळा आला की वैफल्य येते. म्हणून आधी मुलाची उद्दिष्टे कोणती ते ठरवले. चालू प्रश्नाचे उत्तर बरोबर यावे. ओळीने तीन बरोबर आले की ‘स्पार्की’ नावाचे बक्षीस मिळते, ते मिळावे. ओळीने पाच आले की आव्हानाचा प्रश्न उघडतो, तेथवर पोहोचावे आणि तो सुटावा. मग नोंदींत असे क्षण शोधले जेथे मूल उद्दिष्टाच्या उंबरठ्यावर येऊन चुकले. चौथे उत्तर बरोबर, पाचवे चूक. सरळ चुकण्यापेक्षा हे चुकणे अधिक लागते, हे पतंग कापला गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. नोंदींवरून काढलेले निदान खरे की खोटे हे पडताळण्यासाठी मुलांच्या चेहऱ्यांचे निरीक्षण करण्यात आले. पुढच्या टप्प्यात, असे वैफल्य दिसताच संगणकाने मुलाला धीर देणारा संदेश दाखवावा, अशी योजना याच मंडळींनी केली आणि तिचा परिणाम तपासला.

वर्गात बसून पाहण्याचे जुने कामही तेथे सोडलेले नाही. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या प्रचंड वर्गात ‘विचार करा, जोडीदाराशी बोला, सर्वांपुढे मांडा’ ही पद्धत वापरताना किती विद्यार्थी खरोखर कामात गुंतलेले आहेत, हे निरीक्षकांनी ठरावीक अंतराने टिपले. २०१३ च्या त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच त्यांचा आकडा आहे: ८३ टक्के. येथे यंत्राऐवजी डोळे वापरले गेले, आणि माप काय व कसे घेतले हे कोणालाही पुन्हा करून पाहता येईल इतके स्पष्ट लिहिले गेले.

स्पार्कीपाशी मात्र थोडे रेंगाळावेसे वाटते. प्रेसीच्या गोळीपासून स्पार्कीपर्यंत नव्वद वर्षे गेली. पवईच्या संशोधकांनी बक्षीस हे मुलाचे उद्दिष्ट आहे असे प्रांजळपणे गृहीत धरले, कारण त्या प्रणालीत ते खरेच तसे होते. पण म्हणूनच त्या नोंदी गणित हुकल्याचे दुःख आणि स्पार्की हुकल्याचे दुःख वेगळे दाखवू शकत नाहीत. ते वेगळे करायचे झाले तर काही मुलांसाठी स्पार्की काढून टाकावी लागेल आणि नंतर एखाद्या मोकळ्या दुपारी, शिक्षक वर्गाबाहेर असताना, संगणक चालू ठेवून पाहावे लागेल. नोंदींना आणखीही एक गोष्ट दिसत नाही. पडद्यावर चार मिनिटे हालचाल नसेल तर संगणक ‘निष्क्रिय’ असे लिहितो. त्या चार मिनिटांत मूल कंटाळून खिडकीबाहेर पाहत होते, वीज गेली होती, की वहीच्या मागच्या पानावर तेच उदाहरण पुन्हा मांडून पाहत होते, हे ठरवायला अजून तरी कोणीतरी शेजारी बसलेले असावे लागते.